पाळ खाली, रान वर

माझ्या कामात कुणी चूक काढली की मला जेवण जात नाही. अब्बा म्हणतात, ही सवय मी त्यांच्याकडून उचलली. अम्मी म्हणायची, सवय कसली, खोड आहे ती. अहेरीच्या बाजारात आमचं दुकान आहे. अब्बांच्या, म्हणजे बाबूभाईंच्या, उमेदीत तिथे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त व्हायचे. आता पुढच्या अर्ध्या भागात मी, फरहत, जुने लॅपटॉप दुरुस्त करते आणि मागच्या अर्ध्या भागात अब्बा पंखे उघडून बसलेले असतात.

जुन्या लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकते. फुकटात मिळतं आणि दहा वर्षांचं थकलेलं मशीनही त्यावर पुन्हा धावायला लागतं. शाळा, ग्रामपंचायती, बचत गट असे सगळे माझ्याकडे येतात. त्यांची तक्रार एकच असायची: टीव्हीला वायर लावली तरी चित्र येत नाही, कुठे कुठे जाऊन काय काय दाबावं लागतं. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. वायर लावा, लॅपटॉपवर जे दिसतंय ते आपोआप टीव्हीवर दिसेल, कुणाला काही दाबायला नको. त्याचं नाव ठेवलं आरसा, आणि तो नेटवर सगळ्या जगासाठी ठेवून दिला. जगाने फारसं लक्ष दिलं नाही. एका परदेशी माणसाने मात्र वापरला आणि खाली लिहिलं, "स्क्रीन फिरवली की तुमचा आरसा फसतो. लॅपटॉपवर चित्र सरळ, टीव्हीवर उलटं."

त्या दिवशी मी जेवले नाही. पण अहेरीत लॅपटॉप फिरवतो कोण, असं म्हणून ते काम मी बाजूला ठेवलं.

फिरवणारी निघाली मीच. आलापल्लीच्या पुढे रस्ता सोडून आत गेलं की चिंचटोला लागतं. तिथल्या मच्छीमार संस्थेने माझ्याकडून एक जुना लॅपटॉप घेतला होता, ज्याची स्क्रीन पार मागे दुमडते आणि जो टेबलावर तंबूसारखा उभा करता येतो. संस्थेकडे गावच्या तलावाचा ठेका आहे. या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायला मशीन येणार होतं. मशीन आठच दिवस मिळणार होतं, म्हणजे एकाच बाजूचा गाळ निघणार होता. कोणत्या बाजूचा, हे सभेने ठरवायचं, नकाशावर खूण करायची, सह्या करायच्या आणि तो कागद मशीनवाल्याला द्यायचा.

यात जपायची गोष्ट एकच होती, गोकुळाबाईंचा कोपरा. तलावाच्या एका कोपऱ्यात गोकुळाबाई आणि गावातल्या अकरा बायांनी तीन वर्षं खपून बेशरमाची माजलेली रानटी झुडपं मुळासकट उपटली होती आणि त्या जागी पाण्यातल्या वनस्पती लावल्या होत्या. गाद, चिला, राजोली. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, एकेक रोप पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबून. त्या झाडीत मासे अंडी घालतात. दहा वर्षं न दिसलेली बोटरी मासळी गेल्या साली पुन्हा जाळ्यात आली होती. मशीनचा पंजा त्या कोपऱ्यात एकदा जरी फिरला असता, तरी तीन वर्षांची मेहनत एका सकाळीत गेली असती. तेव्हा गाळ काढायचा तो दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यातला, यावर गावात कुणाचंच दुमत नव्हतं. फक्त ते कागदावर यायचं होतं.

सभेच्या आधी आठ दिवस सगळं नीट चालतं का ते बघायला मी गेले. समाजमंदिरात टीव्ही होता. लॅपटॉप तंबूसारखा उभा केला, तलावाचा नकाशा उघडला, वायर लावली आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. गिऱ्हाईक बोलघेवडं निघालं. अर्ध्या तासाने आत येऊन बघते तर संस्थेचे अध्यक्ष इस्तारीभाऊ, सचिव हेमराज, गोकुळाबाई आणि दहाबारा जण टीव्हीसमोर बसून रंगात आलेले. हेमराजच्या हातात बांबूची कमची होती आणि तो टीव्हीच्या उजव्या बाजूला टेकवून सांगत होता, "मशीन हे इथून उतरनार, इथी गाळ जास्त हाय."

आणि टीव्हीवर नकाशा चक्क उलटा होता. अक्षरं डोक्यावर उभी, उत्तरेचा बाण पाताळात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धा तास ही माणसं उलटा नकाशा बघत होती आणि माझी लाज राखायला कुणी चकार शब्द काढला नव्हता! मी वायर उपटली. "भाऊ, नकाशा उलटा होता, सांगाचं तं होतं मले."

"उलटा?" इस्तारीभाऊ म्हणाले. "आमाले तं बरोबर वाटला जी."

मला वाटलं, भला माणूस आहे, मन राखतोय.

घरी येऊन चार दिवस मी दुसरं कामच केलं नाही. दोष समजायला सोपा होता. लॅपटॉप तंबूसारखा उभा केला की त्याची स्क्रीन उलटी होते. आतला सेन्सर ते ओळखतो आणि बघणाऱ्यासाठी चित्र फिरवून सरळ करतो. पण माझा आरसा ते फिरवणं विचारातच घेत नव्हता. स्क्रीनच्या डोक्याकडचं चित्र तो टीव्हीच्या डोक्याकडे पाठवत होता, मग ते डोकं जमिनीकडे असलं तरी. आता त्याने आधी विचारायचं, स्क्रीन किती फिरली आहे, आणि तेवढंच टीव्हीवरचं चित्र परत फिरवायचं. आडव्या दोन दिशांमध्ये माझी गफलत झाली आणि एक संध्याकाळ टीव्हीवरचे सगळे लोक भिंतीवर झोपून बातम्या देत होते. अब्बा म्हणाले, "बेटा, मान दुखून राह्यली." पाचव्या दिवशी चारही बाजू जमल्या. लॅपटॉप कसाही धरा, टीव्ही सरळ. परदेशी माणसाने "फार छान" असं लिहिलं. त्या दिवशी मी दोन वेळा जेवले.

सभेला मी मुद्दाम गेले. खरं सांगायचं तर मिरवायलाच गेले. लॅपटॉप पुन्हा तंबूसारखा उभा केला आणि टीव्हीवर नकाशा कसा अगदी सरळ, अक्षरं पायावर. एकतीस सभासद बसले होते. हेमराजने कमची उचलली, टीव्हीच्या उजव्या बाजूला टेकवली आणि विचारलं, "हा कोपरा. मंजूर?" सगळे म्हणाले मंजूर. मी लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोटाने तिथे लाल गोल काढला.

मागच्या रांगेतून गोकुळाबाई उठल्या. साठीच्या, काटक, पदर खोचलेल्या. "मले हे कायतरी अलगच दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या. "मागच्या टायमाले असं नोतं."

आणि मी, शहाणी, पुढे होऊन म्हणाले, "बाई, मागच्या वेळेस उलटं होतं. आता बरोबर आहे. चार दिवस बसून मी दुरुस्त केलं."

कॉम्प्युटरवाली बाई सांगते म्हटल्यावर त्या बिचाऱ्या खाली बसल्या. सह्या झाल्या, अंगठे झाले, कागद गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजता, गोकुळाबाईंचा फोन आला. आवाज इतका शांत होता की मला आधी कळलंच नाही काय झालंय.

"फरहतबाई, माह्या कोपऱ्यात लाल झेंड्या काऊन लागल्या वो?"

मशीनवाल्याचा माणूस सकाळी कागद घेऊन आला होता आणि फोनच्या जीपीएसवर बघत बघत हद्दीच्या झेंड्या लावून गेला होता. उद्या सकाळी मशीन येणार होतं.

मी आधी त्या माणसावर चिडले. मग ज्या ऑफिसने नकाशा काढला त्याच्यावर. नकाशा उघडून बसले. वर एक सरळ रेघ, खाली एक सरळ रेघ (ती मी पाळ, म्हणजे तलावाचा बांध, धरली होती), मध्ये तलाव, उजव्या कोपऱ्यात माझा लाल गोल. सगळं सभेत दाखवलं होतं तसंच. "बाई, तुम्ही म्हणता तो कोपरा उजवा का डावा?"

"डावा. पाळीवर उभं राह्यलं का डावा."

"आणि पाळ कुठे आहे?"

"पाळ गावाच्या अंगानं. अजून कुठी राहीन?"

गाव तलावाच्या उत्तरेला. म्हणजे नकाशातली वरची रेघ ही पाळ होती, आणि मी जिला पाळ समजले ती खालची रेघ जंगलातला रस्ता. चिंचटोल्यातलं लहान पोरसुद्धा तलाव बघतं ते पाळीवर उभं राहून, पायाशी पाळ आणि समोर पाणी, पाण्यापलीकडे रान. त्यांचा तलाव तोच. पहिल्या दिवशी माझ्या बिघडलेल्या आरशाने त्यांना त्यांचा तलाव जसाच्या तसा दाखवला होता. मी तो दुरुस्त केला आणि डावं उजवं करून टाकलं. हेमराजची कमची दोन्ही दिवस उजव्या बाजूलाच गेली होती. पहिल्या दिवशी ती बरोबर होती.

मी दोनदा त्या गावात गेले होते आणि एकदाही पाळीवर चढले नव्हते. आणि जी एकच बाई खरं बोलली, तिला मी खाली बसवलं होतं. मला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

मागच्या भागातून अब्बांनी सगळं ऐकलं होतं. पंख्याचा स्क्रू तोंडातून काढून ते म्हणाले, "अँटिना लावाले जायचो तेव्हा मी आधी छतावर चढायचो. खालून सांगनारे लय भेटतेत." एवढं बोलून ते परत पंख्यात शिरले.

रडत बसायला वेळ नव्हता. पहिल्या झटक्यात वाटलं, चार दिवसांची सगळी दुरुस्ती पुसून टाकावी. पण दुरुस्ती खोटी नव्हती, जगात कितीतरी ठिकाणी तिची गरज होती. कमी होती ती एका गोष्टीची. सेन्सर सांगेल तसं टीव्हीने फिरावं हे ठीक, पण त्यावरून माणसाचं म्हणणं चालायला पाहिजे. मी एक बटण जोडलं. ते दाबलं की लॅपटॉप जागच्या जागी राहतो आणि फक्त टीव्हीवरचं चित्र एक घर फिरतं. दोनदा दाबलं की वरचं खाली. पाऊण तासात झालं, दुकानातल्या टीव्हीवर तपासलं, स्कूटी काढली. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून निघाले.

इस्तारीभाऊ अंगणात विडीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "एकतीस जनायच्या सह्या हायेत, बाई. एका बाईच्या म्हनन्यावर ठराव नाई बदलत."

"मग सभा घ्या परत."

"आज? तेंदूच्या दिसात?" ते हसले. "पाय, कोन रिकामा हाय ते."

खरंच होतं. पहाटे चारला गाव जंगलात जातं, दुपारी पत्ता घेऊन येतं, मग घरोघर पुडे बांधणं चालतं. हे पंधरा दिवस लग्नाचंसुद्धा बोलावणं कुणी घेत नाही. मी हातपाय गाळून तिथेच बाजेवर बसले. गोकुळाबाई आल्या होत्या. त्यांनी मला पाण्याचा गडवा दिला, एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागलं.

"सभेले कोनी येनार नाई," त्या म्हणाल्या. "पन पुडे द्याले तं सारे येतीन."

समाजमंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत तेंदूची फळी लागते. ठेकेदाराचा माणूस तिथे प्रत्येकाचे पुडे मोजून घेतो. संध्याकाळी पाचला सगळं गाव तिथे रांगेत उभं असतं, पाऊण तास, कंटाळून. हेमराज आणि मी टीव्ही दारात ओढला, त्याचं तोंड बाहेर केलं. ऊन उतरलं होतं, चित्र दिसत होतं.

मी आधी नकाशा तसाच दाखवला, सभेत दाखवला तसा. "हा त्या दिवशीचा. ओळखा, पाळ कुठी आहे?"

चारपाच हात एकदम खालच्या रेघेकडे गेले.

"ती पाळ नाही. तो जंगलातला रस्ता आहे."

मी बटण दोनदा दाबलं. नकाशा टीव्हीवर गर्रकन फिरला, अक्षरं डोक्यावर गेली, आणि रांगेतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "हां! हा होय आपला तलाव!" मग बाकीचेही बोलायला लागले. हे सांडव्याचं तोंड. हा चैतूचा घाट. हे पाय, इथी म्हैस फसली होती. माणसं पुडे खाली ठेवून टीव्हीजवळ आली. आणि हळूहळू एकेकाची नजर त्या लाल गोलावर गेली, जो आता डावीकडे होता.

"म्हंजे आपन गोकुळाच्याच कोपऱ्यावर सही केली," इस्तारीभाऊ म्हणाले.

"चूक तुमची नाही," मी म्हणाले. "तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर दाखवलं होतं. मी फिरवलं. गोकुळाबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं. माफी मागते."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गोकुळाले गप्प केलं? त्याचंच बक्षीस दे बाईले, तिच्या नवऱ्याले नाई जमलं!" सगळी रांग हसली. गोकुळाबाईही हसल्या, पण डोळ्याला पदर लावला.

हेमराजने कमची उचलली आणि क्षणभर थांबून ती गोकुळाबाईंपुढे धरली. त्या समाजमंदिरात बाईने कमची हातात घेऊन नकाशावर काही दाखवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गोकुळाबाईंनी ती घेतली, टीव्हीजवळ गेल्या आणि डाव्या कोपऱ्यावर ठेवली. "इथी मशीन नाई उतरनार." मग उजवीकडे. "इथी उतरन. किती बी खोदा." मी जुना गोल पुसून नवा काढला. नवा ठराव हेमराजने उभ्या उभ्या लिहिला. पुडे देऊन होतील तसं एकेक जण सही करून जात होता. तेंदूच्या चिकाने बोटं काळी झालेली, कागद पार डागाळला. अंधार पडायच्या आत एकतीस पूर्ण झाले.

रात्री मी गोकुळाबाईंकडेच राहिले. सकाळी मी पहिल्यांदा पाळीवर चढले.

उन्हाने तलाव बराच आटला होता. पाणी मध्यभागी आणि डाव्या कोपऱ्यात घोट्याइतकं, तेही हिरव्यागार झाडीत लपलेलं. त्या झाडीतून लाल झेंड्या डोकं वर काढून उभ्या होत्या. गोकुळाबाई पाळीवरून उतरल्या आणि एकेक झेंडी उपटू लागल्या. मीही चपला काढून पाण्यात शिरले. पायाला काहीतरी गुदगुल्या करून गेलं. मी ओरडले. "बोटरी होय ते," त्या म्हणाल्या. "नवा पाय पायला का येतेत." नखाएवढे मासे माझ्या घोट्याभोवती गोळा झाले होते. मी पाय हलवायचं थांबवलं. ह्या एवढ्याशा जिवांवर मी मशीन घालायला निघाले होते. ते तिथे आहेत म्हणून इतका आनंद झाला की मी वाकून त्यांच्यात बोटं बुडवली.

मशीनचा आवाज गावाच्या बाजूने यायला लागला. मशीनवाला पाळीवर येऊन थांबला. हेमराजने त्याला नवा कागद दिला. त्याने तो हातात फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाला, "माले कागद नाई समजत. झेंड्या जिथी राहतीन तिथी मी खोदीन."

गोकुळाबाईंनी झेंड्यांचा भारा माझ्या हातात दिला. "तू जा. तुहे पाय जवान हायेत. मी वरतून सांगतो."

सुकलेल्या चिखलातून मी तलाव ओलांडत गेले, पार रानाच्या काठापर्यंत. तिथे पोचून मागे वळले. समोर लांबवर पाळ, पाळीवर गोकुळाबाई, शेजारी मशीन धूर सोडत उभं. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"उजवीकडं!"

माझा पाय आपोआप माझ्या उजवीकडे उचलला गेला. मी तो तिथेच थांबवला. पाळीवर उभ्या असलेल्या त्या बाईच्या जागी मी मनाने जाऊन उभी राहिले, तिच्या पायाशी पाळ, समोर पाणी, पलीकडे मी. मग मी वळले, माझ्या डाव्या हाताला, आणि चालायला लागले.

"अजून!" त्या ओरडल्या. "अजून थोडं... हां! तिथी गाड!"

मी पहिली झेंडी गाडली. पाळीवरून मशीन खाली उतरायला लागलं.